नर्तिकेचा घेर

कापड हे सुबत्तेचे सर्वांत बोलके माप आहे. धान्य पोटात जाते, पैसा पेटीत राहतो. कापड मात्र चारचौघांत दिसते. म्हणून सण आला की आपली पावले आधी कापडाच्या दुकानाकडे वळतात, आणि म्हणूनच देशावर संकट आले की सरकारची कात्री प्रथम कापडावर चालते. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही कापडावर नियंत्रण आले होते. साध्या मांजरपाटासाठी रांगा लावल्याच्या हकिकती पुष्कळ घरांतून आजीच्या तोंडून ऐकायला मिळत. इंग्लंडमध्ये तर १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपने लागू झाली. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने. त्यांतली ११ एका लोकरी झग्यालाच जायची आणि पुरुषाच्या सुटाला २६. पुढे तीही घटत गेली. ही पद्धत संपली ती १५ मार्च १९४९ रोजी, म्हणजे युद्ध थांबून जवळजवळ चार वर्षे लोटल्यावर!

आता गंमत अशी, की नेमक्या याच चणचणीच्या वर्षांत युरोपातल्या एका कलेने रंगमंचावर कापडाची लयलूट मांडली, आणि तिच्या पाठोपाठ पॅरिसच्या वेशकारांनी तीच लयलूट रस्त्यावर आणली. ती कला म्हणजे बॅले. ही उधळपट्टी होती की ती त्या काळाची भूक होती, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. या लेखात त्याचाच थोडा विचार करावा म्हणते.

आपल्याकडे बॅले हा शब्द जरा सैलपणे वापरतात. उदय शंकरांच्या रचना आणि शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत उभ्या केलेल्या लिट्ल बॅले ट्रूपचे ‘रामायण’ यांमुळे कोणतीही नृत्यनाटिका म्हणजे बॅले, अशी आपली समजूत झाली. इथे मला अभिप्रेत आहे तो फ्रान्सच्या दरबारात वाढलेला आणि रशियात बहरलेला बॅले. पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहणारी, जमिनीशी नाते तोडू पाहणारी ती नर्तिका. आपली नर्तिका धरतीला पायाने साद घालते. ही नर्तिका धरतीला पाय लागलाच नाही असे भासवते. या भासात तिच्या पोशाखाचा वाटा फार मोठा. म्हणून बॅलेच्या पोशाखाला मी एकच कसोटी लावते: तो नर्तिकेबरोबर नाचतो का? की नर्तिका त्याला घेऊन नुसती मिरवते?

*

गोष्ट सुरू होते बाहुल्यांपासून. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले तेव्हा तिथल्या प्रसिद्ध शिवणगृहांजवळ कारागीर होते, कल्पना होत्या. कापड मात्र नव्हते. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. तारेच्या, हातभरापेक्षा थोड्या उंच अशा दोनशेहून अधिक बाहुल्या तयार केल्या आणि प्रत्येक शिवणगृहाने आपली कला त्या बाहुल्यांच्या अंगावर चढवली. मार्च १९४५ मध्ये पॅरिसच्या शोभाकलांच्या संग्रहालयात हे ‘थिएत्र द ला मोद’ भरले, तेव्हा युद्ध अजून चालूच होते. झग्यांच्या गुंड्या खरोखर लागत, छोट्या बटव्या उघडत. मोठ्या माणसांची ही भातुकली पुढे लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना, न्यूयॉर्क अशी फिरली. आज ती अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहे.

या बाहुल्यांमागे कोण होते, हे पाहण्यासारखे आहे. नेपथ्य करणाऱ्यांत चित्रकार ख्रिस्तियाँ बेरार होता, आणि मांडणी सांभाळायला बोरिस कोख्नो. हा कोख्नो म्हणजे रशियन बॅलेचा सूत्रधार द्यागिलेव्ह याचा एके काळचा चिटणीस. त्याच मार्च महिन्याच्या २ तारखेला, याच दोघांच्या साहाय्याने, रोलाँ पेती नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने ‘ले फोराँ’ हा बॅले रंगमंचावर आणला. विषय काय, तर गावोगाव हिंडणारे गरीब खेळवाले! ते येतात, चिंध्यांतून रंगभूमी उभी करतात, खेळ करतात. पैसे मात्र कोणी टाकत नाही, आणि ते आपले गाठोडे बांधून पुढच्या गावी जातात. एकाच महिन्यात, एकाच चित्रकाराच्या हाताखालून एकीकडे रेशमी बाहुल्या आणि दुसरीकडे उपाशी खेळवाले! त्या पॅरिसचे खरे चित्र या दोहोंच्या बेरजेत आहे. नट्टापट्टा ही तिथे गरिबीला दिलेली पाठ नव्हती, ती गरिबीला दिलेली झुंज होती.

लंडनची कहाणी याहून थेट. कॉव्हेंट गार्डनचे रॉयल ऑपेरा हाउस युद्धकाळात नाचघर बनले होते. रजेवर आलेले शिपाई तिथे जोडीने नाचत. २० फेब्रुवारी १९४६ रोजी ते पुन्हा उघडले ते ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेने. चायकॉव्हस्कीचे संगीत, १८९० साली सेंट पीटर्सबर्ग येथे पेतिपाने बांधलेली नृत्यरचना, निनेत द व्हाल्वा यांची सॅडलर्स वेल्स मंडळी, आणि राजकन्या ऑरोराच्या भूमिकेत सव्वीस वर्षांची मार्गो फाँटेन. राजा सहावा जॉर्ज सहकुटुंब आला होता. ऑपेरा हाउसच्या विश्वस्तांचे अध्यक्ष म्हणजे सुप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स. त्यांची प्रकृती ऐन वेळी बिघडली, आणि पाहुण्यांच्या स्वागताला उभ्या राहिल्या त्यांच्या पत्नी लिडिया लोपोकोव्हा, द्यागिलेव्हच्या मंडळीतल्या जुन्या नर्तिका. दोनच महिन्यांनी केन्स गेले. देशाची तिजोरी ज्याने जन्मभर मोजली, त्या माणसाने अखेरच्या दिवसांत हट्ट धरला तो एका रंगभूमीचा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

या प्रयोगाचे नेपथ्य आणि वेशभूषा ऑलिव्हर मेसेल यांची. पाइप साफ करायच्या तारांना वळवून त्यांतून मुकुट घडवावा आणि लांबून तो हिऱ्यांचा वाटावा, ही या माणसाची ख्याती होती. टंचाईच्या दिवसांत हाच गुण नेमका उपयोगी पडला. रॉयल बॅलेने २००६ साली हा प्रयोग मेसेलच्या आराखड्यांवरून पुन्हा उभा केला, आणि १९५५ साली फाँटेनने अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी केलेला ‘स्लीपिंग ब्यूटी’ही चित्रित झालेला आहे. दोन्ही एकापाठोपाठ एक पाहिले की काही गोष्टी चटकन ध्यानात येतात. मेसेलचे रंग झगझगीत नाहीत. फिका गुलाबी, राखी निळा, वाळलेल्या पानाचा पिवळा. जुन्या पेटीत ठेवलेल्या शालूला जो मऊ उतार येतो तसा सगळा देखावा. शंभर वर्षे झोपलेल्या राजवाड्याला हेच शोभते. आणि त्या पार्श्वभूमीवर फाँटेनचा तो आखूड गुलाबी घेर! चार राजपुत्र एकामागून एक तिचा हात धरतात, सोडतात, आणि सोडल्याच्या क्षणी ती एका पायाच्या बोटांवर एकटी उभी राहते. तेव्हा तिचे सगळे शरीर स्थिर असते, हलतो तो फक्त घेराचा काठ, किंचित. त्या थरथरीवरून कळते की हे उभे राहणे किती कठीण आहे. पोशाख इथे नर्तिकेचा श्वास बोलून दाखवतो. माझ्या कसोटीला तो पूर्ण उतरतो.

आणि त्या रात्रीच्या प्रेक्षकांचे काय? झिजलेले कोट आणि दुरुस्त केलेले झगे घालून ते आले असतील. पण समोरचे रेशीम एकट्या कोणाचे नव्हते, ते सगळ्या सभागृहाचे होते. गॅलरीतल्या मुलीलाही ते तेवढेच मिळाले जेवढे राजाला. देवळातल्या मूर्तीच्या अंगावरचा शेला जसा सगळ्या गावाचा असतो, तसेच हे. म्हणून मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही.

*

एका वर्षाने, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, पॅरिसमध्ये अॅव्हेन्यू माँतेनवरच्या ३० क्रमांकाच्या घरात ख्रिस्तियाँ दिओरने आपला पहिला संग्रह दाखवला. युरोप कडाक्याच्या थंडीने आणि कोळशाच्या टंचाईने गारठला होता. दिओर बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या पाठीशी होता कापडगिरण्यांचा मालक मार्सेल बुसाक. घेरदार झग्यांमागे गिरणीमालक उभा असावा, यातला योगायोग चतुर वाचकांच्या लक्षात येईलच! मऊ खांदे, मुठीत मावेल अशी कंबर, आणि तिथून पोटरीपर्यंत उमलत जाणारा घेर. एका प्रकाराला त्याने नाव दिले होते ‘कोरोल’, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा मंडल. अमेरिकन संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटले आणि तेच नाव जगभर झाले. एकेका झग्याला दहा-पंधरा वार कापड सहज लागे, काहींना त्याहूनही पुष्कळ अधिक. आपली नऊवारी त्यापुढे काटकसरी ठरावी!

पण यात नवीन काय होते? १८३२ साली मारी ताग्लिओनी ‘ला सिल्फीद’मध्ये ज्या पोशाखात नाचली, तो घट्ट चोळीचा आणि घंटेसारख्या लांब घेराचा पोशाख डोळ्यांसमोर आणा. दिओरची स्त्री ही त्या परीची धाकटी बहीण आहे. हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. त्याच १९४७ साली रोलाँ पेतीच्या ‘त्रेझ दांस’ या बॅलेची वेशभूषा दिओरने केली. बेरार त्याचा जिवलग मित्र. आणि मार्गो फाँटेन त्याच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी एक. १९५५ साली पॅरिसमध्ये तिचे लग्न झाले तेव्हाही पोशाख दिओरचाच होता. रंगमंचावरची राजकन्या रस्त्यावर कशी दिसावी, हे त्या काळच्या मुलींना तिच्यावरून कळे. आपल्याकडे बालगंधर्वांची नेसण, त्यांचा अंबाडा आणि गजरा पाहून घरंदाज स्त्रिया आपला साजशृंगार ठरवीत, तसलाच हा प्रकार. सॅडलर्स वेल्स मंडळी ९ ऑक्टोबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये नाचायला गेली, तेव्हा ब्रिटिश वेशगृहांनी नर्तिकांना मुद्दाम नवे कपडे दिले. ब्रिटनला डॉलर हवे होते, आणि बोटांवर उभी राहणारी मुलगी ही लोकरीच्या कापडाची उत्तम जाहिरात होती!

मात्र याच वळणावर माझे मन अडखळते. पॅरिसच्या माँमार्त्रमधल्या बाजारात, रू लेपिकवर, असा झगा घालून आलेल्या एका मुलीवर बायका धावून गेल्या आणि त्यांनी तो फाडला. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. ब्रिटनमध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स या लांब झग्यांवर नाराज होते. हो, १९४२ साली आपल्याकडे प्रस्ताव घेऊन आले तेच क्रिप्स! त्यांना कापडाचा हिशेब दिसत होता. त्या बाजारातल्या बायकांना आणखी काही दिसले असावे. रंगमंचावरचा घेर त्यांचाही होता, हा घेर त्यांचा नव्हता. दिव्यांच्या पलीकडे जे सगळ्यांचे असते ते दिव्यांच्या अलीकडे येताच एकाचे होते, आणि मग ते इतरांच्या डोळ्यांत खुपते. वस्त्र तेच, पण रंगमंचाची एक पायरी उतरताच त्याची नीती बदलली.

कलेच्या अंगानेही हा घेर कसोटीला तोकडा पडतो. ताग्लिओनीचा पोशाख जाळीदार आणि तलम होता, कारण तिला उडायचे होते. दिओरने घाट घेतला आणि उडणे सोडून दिले. आतून अस्तरे, पट्ट्या, आवळलेली कंबर. अशा झग्यात बस पकडायची कशी? तेवीस वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, द्यागिलेव्हच्या ‘ल त्राँ ब्ल्यू’साठी कोको शानेलने नर्तकांना विणलेले पोहण्याचे साधे कपडे घातले होते. तिने रोजचे हालणेचालणे रंगमंचावर नेले. दिओरने रंगमंचाची शोभा रोजच्या जगण्यावर ठेवली. दुसरी गोष्ट अधिक सुंदर दिसते. पहिली अधिक खरी आहे. १९५४ साली शानेल पुन्हा उभी राहिली आणि सैल, सुटसुटीत कपडे घेऊन परतली, तेव्हा हा वाद तिने आपल्या परीने निकालात काढला असे म्हणता येईल.

*

या सगळ्या गोष्टीचे मर्म मला सापडते ते एका चित्रपटात. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा ‘द रेड शूज’ हा १९४८ सालचा. त्याची डागडुजी केलेली प्रत २००९ साली निघाली आणि आता तो मूळच्या रंगांत घरबसल्या पाहता येतो. मोइरा शिअररने त्यात व्हिकी पेज या तरुण नर्तिकेची भूमिका केली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत घरच्या मुलींना बरोबर घेऊन अवश्य पाहावा.

त्यात एक प्रसंग आहे. मंडळीचा सर्वेसर्वा लेर्मोंतोव्ह व्हिकीला आपल्या बंगल्यावर बोलावतो. तिला वाटते, मेजवानी असणार. ती निळसर हिरव्या रंगाचा लांब, भरजरी पोशाख घालते, डोक्यावर चिमुकला मुकुट ठेवते, आणि गवत माजलेल्या दगडी पायऱ्या एकटी चढून जाते. हे सगळे दृश्य परीकथेचे. वर पोचल्यावर पाहते तो मेजवानी नाहीच! मंडळीतली माणसे कामाच्या बोलण्यात गढलेली आहेत. तिला सांगण्यात येते, की नव्या बॅलेत मुख्य भूमिका तुझी. शिअररचे या चित्रपटातले पोशाख पॅरिसच्या जाक फाथ आणि लंडनच्या मातली यांनी केलेले आहेत. पण दिग्दर्शकांचे चातुर्य असे, की फॅशनचा हा सर्वांत देखणा क्षण त्यांनी निरुपयोगी करून टाकला. इतकी नटून गेलेली मुलगी तिथे क्षणभर ओशाळल्यासारखी होते. तिची किंमत पोशाखाने ठरत नाही, पायाने ठरते. आणि पुढे पायच तिचा घात करतात, कारण अँडरसनच्या गोष्टीतले ते तांबडे जोडे एकदा चढले की उतरत नाहीत. दिओरचा झगा संध्याकाळी खुंटीला अडकवता येतो. नर्तिकेला आपली कला अशी खुंटीला टांगता येत नाही. वस्त्राचे आणि कलेचे अंतर इतक्या स्वच्छ शब्दांत कोणा समीक्षकाने सांगितल्याचे मला आठवत नाही.

*

शरीराचेही एक बोलले पाहिजे. ऑड्री हेपबर्न ही १९५० नंतरच्या दशकाची आवडती मूर्ती. लांब मान, सडपातळ अंग, ताठ पाठ. असंख्य मुलींनी तसे दिसण्याचा ध्यास घेतला. पण ते रूप आले कुठून? हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडला, त्यात ही मुलगी अर्धपोटी वाढली. तिला नर्तिका व्हायचे होते. ॲम्स्टरडॅममध्ये सोनिया गास्केल आणि लंडनमध्ये मारी राम्बेर यांच्याकडे ती शिकली. पण उंची आणि युद्धातली उपासमार यांमुळे पहिल्या प्रतीची नर्तिका होणे नाही, हे तिला ऐकावे लागले. मग ती सिनेमात आली. जगाने जिला नजाकत म्हटले तिच्यात उपासाचा वाटा होता, हे फॅशनच्या मासिकांनी कधी ठळकपणे छापले नाही. आजही आपल्या मुली आरशासमोर उभ्या राहून पोट आत ओढतात, तेव्हा हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

तिच्याच ‘फनी फेस’ या १९५७ सालच्या चित्रपटात मात्र एक आनंदाची जागा आहे. पॅरिसच्या तळघरातल्या काळोख्या उपाहारगृहात ती काळा स्वेटर, काळी तंग विजार आणि सपाट काळे जोडे घालून नाचते. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनेन यांनी तिला पांढरे मोजे घालायला सांगितले. तिला ते मुळीच पसंत नव्हते. पण पडद्यावर पाहिल्यावर तिला त्यांचे म्हणणे पटले, कारण मोज्यांमुळेच काळोखात पाय दिसतात! नाचणाऱ्याचे शहाणपण ते हेच.

त्या सपाट जोड्यांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. युद्धकाळी अमेरिकेत चामडी जोड्यांवर नियंत्रण आले, नाचाच्या सपातांवर नव्हते. तेव्हा क्लेअर मॅकार्डेल या वेशकर्तीने कापेझिओ या नाचाचे जोडे करणाऱ्यांकडून त्यांना पक्के तळवे लावून घेतले आणि ते आपल्या कपड्यांबरोबर विकले. पॅरिसमध्ये रोलाँ पेतीच्या आईने, रोज रेपेतो यांनी, १९४७ साली मुलाच्या दुखऱ्या पायांसाठी जोडे शिवायला घेतले. ते उलटे शिवून मग सुलटे करीत, म्हणजे शिवण पायाला बोचत नसे. १९५६ साली ब्रिजित बार्दो, जी स्वतः बॅले शिकलेली होती, तिने बाहेर घालण्यासाठी तसाच जोड मागितला. आज आपल्या बाजारपेठांतूनही हे जोडे ढिगांनी विकले जातात आणि कॉलेजच्या मुली ते घालून लोकल गाठतात. दिओरच्या घेराने जे दिले नाही ते एका आईच्या सुईने दिले. बॅलेने रस्त्याला दिलेली सर्वांत प्रामाणिक देणगी मी हीच मानते.

इकडे रंगमंचावर पोशाख उलट उतरतच गेला. न्यूयॉर्कमध्ये बालांशीनच्या ‘सिंफनी इन सी’साठी बार्बरा कारिन्स्का या कुशल शिवणकर्तीने १९५० साली घेरातली तारच काढून टाकली, जाळीचे आखूड थर सैल टाक्यांनी बसवले आणि चोळीचे तुकडे तिरपे बेतून नर्तिकेच्या बरगड्यांना श्वास घ्यायला जागा दिली. आधीच्या ताठ घेरांची गर्दीत एकमेकांवर टक्कर होई, ती थांबली. १९५७ च्या ‘आगॉन’मध्ये बालांशीनने तेवढेही ठेवले नाही; नर्तिका तालमीच्या काळ्या कपड्यांत नाचल्या. आणि १९५६ च्या ऑक्टोबरात बोल्शॉय मंडळी प्रथमच लंडनला आली, तेव्हा सेहेचाळीस वर्षांची गालिना उलानोव्हा साध्या पातळ झग्यात ज्युलिएट होऊन धावली आणि लंडनकर चकित झाले. पॅरिसचे कोणतेही वेशगृह तिच्या पाठीशी नव्हते.

म्हणून मी सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देते. उपाशी माणसाला रेशीम दाखवणे हा गुन्हा नाही. ते त्याच्यासाठी उलगडले आहे की त्याच्यापुढे मिरवले आहे, एवढेच पाहायचे. १९४६ सालच्या त्या रात्री कॉव्हेंट गार्डनमध्ये ते उलगडले गेले. नंतर ते मिरवले गेले. आणि शेवटी कलेनेच ते अंगावरून उतरवून ठेवले आणि पुन्हा पायांकडे पाहिले. या दिवाळीत नवे कापड घरात येईल तेव्हा मुलींना ते फिरवून पाहू द्या, गिरक्या घेऊ द्या. ज्या घेरात गिरकी घेता येते तो घेर अंगाला शोभतो. बाकीचा शिंप्याच्या हिशेबात जमा.